अकलूजच्या जिनमंदिराचा खटला : १९५१ च्या निकालाने काय ठरले ?

'जैन हे हिंदू नाहीत असा निकाल मुंबई हायकोर्टाने पूर्वीच दिला आहे', हे वाक्य समाजाच्या सभा-संमेलनांत वारंवार ऐकावयास मिळते. या वाक्यामागे जो खटला आहे, तो सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील दिगंबर जैन मंदिराचा होय. मात्र ताका पूर्ण उलगडून पाहिल्याखेरीज कापडाची पारख होत नाही, आणि निकालपत्राचेही तसेच आहे. न्यायालयापुढील प्रश्न काय होता व त्याचे उत्तर किती मर्यादेपर्यंत दिले गेले, हे नव्या पिढीस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

या इतिहासाचा प्रारंभ अकलूजपासून फार दूर नसलेल्या पंढरपुरात होतो. श्रीविठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरी उपोषण आरंभिले व १० मे रोजी ते यशस्वी होऊन सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला. ज्या मंदिरात हिंदू समाज वा त्याचा एखादा वर्ग उपासना करतो, त्या मंदिरात हरिजनांनाही त्याच रीतीने व त्याच प्रमाणात उपासना करता यावी, असा या कायद्याचा आशय होता. हेतू न्याय्य होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. अडचण निर्माण झाली ती व्याख्येमुळे. 'हिंदू' या शब्दात कायद्याने जैनांचाही समावेश केला आणि त्यामुळे जिनमंदिरे या कायद्याच्या कक्षेत येतात, असा अर्थ शासनाने लावला.

जैन समाजात यामुळे मोठी खळबळ उडाली. प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९४८ साली, जिनमंदिरांवरील हे संकट दूर होईपर्यंत अन्नत्याग करण्याचा नियम घेतला. महाराजांचे वय त्या वेळी पंचाहत्तरी ओलांडलेले होते. धान्याचा एक कणही न घेता सुमारे तीन वर्षे त्यांनी हा नियम पाळला. एकाच जिल्ह्याच्या परिसरातील मंदिरांच्या द्वारांशी निगडित असे हे दोन त्याग, एक द्वार उघडावे म्हणून आणि दुसरा मंदिराची स्वतंत्र मर्यादा टिकावी म्हणून. दोहोंचीही नोंद इतिहासाने ठेविली पाहिजे.

समाजाच्या विरोधात दोन निरनिराळे प्रवाह मिसळले होते, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. आमचा धर्म स्वतंत्र आहे, आमची मंदिरे दुसऱ्या धर्माची म्हणून गणली जाऊ नयेत, हा एक प्रवाह. तो तत्त्वाचा होता. परंतु शेजारच्या समाजाकडून शतकानुशतके घेतलेला स्पृश्यास्पृश्यभेदही काहींच्या मनात होताच. त्यास जिनागमाचा आधार नाही. सम्यग्दर्शनाने संपन्न असा मातंगकुळात जन्मलेला जीवही देवासमान होय, असे समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेविले आहे. श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्रात चांडाळकुळातील हरिकेशबल मुनींचे चरित्र आदराने येते.

राज्यघटना अमलात आल्यावर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात, सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्वांस खुल्या करण्याच्या तरतुदीपुरते 'हिंदू' या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा अंतर्भाव करण्यात आला. जैन शिष्टमंडळ पंतप्रधान पंडित नेहरूंना भेटले, तेव्हा या स्पष्टीकरणामुळे जैन हे हिंदू ठरत नाहीत, असा खुलासा १९५० च्या जानेवारीत त्यांच्या सचिवांमार्फत लेखी मिळाला. हा खुलासा दिलासादायक असला तरी तो कायदा नव्हता. त्याच वर्षी अकलूजच्या मंदिराचे कुलूप जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तोडून प्रवेश देण्यात आला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात गेले.

'भाईचंद ताराचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल २४ जुलै १९५१ रोजी लागला. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला व न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांचे ते खंडपीठ होते. व्याख्येनुसार जैन हे हिंदू, म्हणून जैन मंदिर हे हिंदू मंदिर, म्हणून तेथे हरिजनांना प्रवेश, अशी शासनाची साखळी होती. ती न्यायालयाने मान्य केली नाही. हरिजन व इतर हिंदू यांच्यातील भेद नाहीसा करणे, एवढाच या कायद्याचा उद्देश आहे. जो अधिकार मुळात कोणाही हिंदूला नव्हता, तो नव्याने निर्माण करणे हा नव्हे, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. एखाद्या जिनमंदिरात कायदा, रूढी वा वहिवाट यांमुळे हिंदूंना उपासनेचा हक्क प्राप्त झाला असेल, तर तो हरिजनांनाही मिळेल. अकलूज येथे असा हक्क सिद्ध झालेला नव्हता. या निकालानंतर आचार्यश्रींनी अन्नग्रहण केले.

जैन धर्म स्वतंत्र आहे, ही गोष्ट या निकालाच्या मुळाशी गृहीत आहे, यात शंका नाही. १९३९ साली न्या. रांगणेकर यांनी याच न्यायालयात, जैन हे मुळात हिंदू असून नंतर धर्मांतरित झाले ही समजूत चुकीची असल्याचे नमूद केले होते. परंतु वारसा, दत्तक, विवाह या बाबींत जैनांना वेगळी रूढी सिद्ध न केल्यास हिंदू कायदाच लागू राहील, हे १८७३ पासून याच न्यायालयाने धरलेले सूत्र अकलूजच्या निकालाने बदलले नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू झाले. निकालाचा उल्लेख करणारे पुष्कळदा ही बाजू सांगावयास विसरतात.

निकालाचे आयुष्यही अल्पच ठरले. १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे आचार्यश्रींची यमसल्लेखना पूर्ण झाली. त्याच वर्षी अस्पृश्यताविरोधी केंद्रीय कायदा आला व त्यातही घटनेसारखेच स्पष्टीकरण घालण्यात आले. १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक उपासनास्थाने प्रवेशाचा नवा कायदा केला. या वेळी जैनांची उपासनास्थाने थेट कायद्याच्या शब्दांतच आली. १९५१ साली न्यायालयाने दाखविलेली फट विधिमंडळाने बुजविली.

पुढे १९६६ साली स्वामीनारायण पंथाच्या मंदिरांचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात आला. आम्ही हिंदू नाही, हा त्या अनुयायांचा दावा फेटाळला गेला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश म्हणजे अकलूजच्या खंडपीठावर बसलेले तेच गजेंद्रगडकर. हिंदू विचारातील सुधारकांची नामावली देताना त्यांनी बुद्ध व बसवेश्वर यांच्याबरोबर भगवान महावीरांचेही नाव गुंफले. ते वाचून अनेक जैन अभ्यासकांना खेद झाला, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

१९५६ चा तो कायदा मात्र टिकून राहिला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देण्याचा प्रश्न १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा शासनाने पाळावयाचा म्हणून न्यायालयाने याच कायद्याकडे बोट दाखविले.