ओझोन सावरेल, पण स्थितांबर बदलेल

वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे कोकणातील प्राचीन बंदर. मात्र आधुनिक काळात त्याचे नाव देशभर गाजले ते खाडीच्या पैलतीरावरील, गुहागर तालुक्यातील वीजप्रकल्पामुळे. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली व पुढे नैसर्गिक वायू हे प्रकल्पाचे इंधन ठरले. कोळशाच्या तुलनेत हा वायू स्वच्छ खरा; तरीही त्याच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. जगभरच्या अशा चिमण्यांतून निघणारा हा वायू वाऱ्यांबरोबर सर्वत्र मिसळतो आणि कालांतराने स्थितांबरातही पोहोचतो.

दाभोळच्या अक्षांशावर साधारण १६-१७ किलोमीटर उंचीवर सुरू होणारा आणि ५० किलोमीटरपर्यंत पसरलेला वातावरणाचा थर म्हणजे स्थितांबर. सूर्याचे घातक अतिनील किरण शोषणारा बहुतांश ओझोन येथेच असतो आणि या शोषणामुळेच हा थर तापतो. अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेले भगदाड १९८५ मध्ये उघड झाले. त्यानंतर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने क्लोरोफ्लुरोकार्बनांसारख्या ओझोननाशक रसायनांवर बंधने आली. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार ओझोनचा थर १९८० च्या पातळीवर परतण्यास अंटार्क्टिकावर सुमारे २०६६, आर्क्टिकवर २०४५ आणि उर्वरित जगात २०४० साल उजाडेल.

मात्र ही वाटचाल केवळ क्लोरीनवर अवलंबून नाही. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगतची हवा तापवतो, तर स्थितांबर थंड करतो. कारण तेथील विरळ हवेतून तो उष्णता थेट अवकाशात फेकतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच हे गणिताने दाखविले होते. थंडीमुळे वरच्या स्थितांबरात ओझोनचा नाश करणाऱ्या अभिक्रिया मंदावतात आणि तेथे ओझोन वाढतो. ध्रुवांवर मात्र थंडीने बर्फाळ ढग वाढतात आणि क्लोरीन शिल्लक असेपर्यंत ते ओझोनच्या नाशाला हातभार लावतात.

उष्ण कटिबंधाची कथा वेगळी आहे. तापमानवाढीमुळे या पट्ट्यातून स्थितांबरात वर चढणारा हवेचा प्रवाह वेगवान होईल, असे प्रारूपे सांगतात. ओझोन कमी असलेली खालची हवा वेगाने वर आल्यास खालच्या स्थितांबरात ओझोन साठण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. त्यामुळे वरच्या थरात ओझोन वाढूनही दाभोळसारख्या अक्षांशांवरील एकूण ओझोन पूर्वीच्या पातळीला कितपत पोहोचेल, हे हरितगृह वायूंच्या प्रमाणावर ठरेल.

इतर वायूंचा वाटाही लक्षणीय आहे. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन गळून हवेत मिसळला, तर तो क्लोरीनला निष्क्रिय करून ओझोनला काहीसा आधार देतो. पण तोच तापमानवाढीचा प्रबळ कारकही आहे. नत्रयुक्त खतांमुळे शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड मात्र स्थितांबरात नायट्रोजनची ओझोननाशक संयुगे तयार करतो आणि मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर नियंत्रण नाही.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीने, जी भारताने २०२१ मध्ये मान्य केली, ओझोनला निरुपद्रवी पण प्रखर हरितगृह वायू असलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बनांवरही मर्यादा घातली. ओझोन आणि हवामान हे दोन प्रश्न परस्परांत गुंतले आहेत, याची ती कबुली होय. क्लोरीन ओसरल्यावर स्थितांबराचे रूप कोणते असेल, हे यापुढे मुख्यतः वीजकेंद्रांतील इंधन आणि शेतांतील खते यांवर ठरणार आहे.