कसोटीचा दगड आणि क्ष-किरण

धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर गेलो की सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासून कस पाहत असे. आता अनेक पेढ्यांवर दागिना एका पेटीत ठेवतात, त्यावर क्ष-किरण सोडतात आणि सोने किती, तांबे किती, याचे आकडे समोर येतात. दागिन्यावर ओरखडाही उठत नाही.

या विद्येचा पाया घातला हेन्री मोज्ली या इंग्रज तरुणाने. १९१३-१४ साली मँचेस्टर व ऑक्सफर्ड येथे त्याने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण स्फटिकाच्या साहाय्याने मोजले. प्रत्येकाची रेषा निराळी! शिवाय कंपनसंख्येचे वर्गमूळ घेतले तर मूलद्रव्ये जिन्याच्या पायऱ्यांसारखी ओळीने लागतात. ही पायरी म्हणजेच अणुक्रमांक. कोबाल्टचा अणुभार निकेलपेक्षा जास्त, पण त्याचा क्रमांक २७ आणि निकेलचा २८, हा जुना घोळ असा मिटला. ४३, ६१ व ७५ या पायऱ्या मात्र रिकाम्या दिसल्या. ती मूलद्रव्ये पुढे मिळाली.

मोज्लीला ते पाहणे लाभले नाही. महायुद्ध सुरू होताच तो सैन्यात गेला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोली येथे गोळी लागून पडला. वय अवघे २७. अशा माणसाचा देशाला प्रयोगशाळेतच अधिक उपयोग झाला असता, अशी खंत त्याचे गुरू रुदरफर्ड यांनी लिहून ठेवली.

त्याची मोजणी ॲल्युमिनियमपासून निघून ७९ व्या पायरीपर्यंत पोचली होती. ती पायरी सोन्याची. सराफाची पेटी आज सोने ओळखते ते याच खुणेने.