रोजची एक घटका

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लागते आणि वर्षभर विसरलेले शरीर माणसाला एकदम आठवते. फराळाचे ताट रिकामे झाल्यावर तर कोणीतरी हमखास विचारतो, "रोज किती वेळ व्यायाम केला म्हणजे तो अंगी लागतो?" आष्टीकडच्या बैठकींत हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. कोणी म्हणतो तासभर, कोणी म्हणतो घाम निथळेपर्यंत, आणि कोपऱ्यातले एखादे म्हातारबाबा म्हणतात, "रानात या माझ्याबरोबर, म्हणजे कळेल!" हा वाद जुना आहे, म्हणून मी थोडा इतिहास धुंडाळून पाहिला.

आपल्या प्राचीन वैद्यांनी व्यायामाला घड्याळ लावलेच नाही. त्यांनी माप दिले ते अर्ध्या शक्तीचे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्यापुढे जाणाऱ्याला वाग्भटाने तहान, खोकला, ज्वर आणि क्षय यांची भीती घातली आहे.

तरुण रक्ताला मात्र अर्ध्यावर थांबणे जमत नाही. लोकमान्य टिळक मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा काटक शरीर कमावण्यासाठी त्यांनी कॉलेजचे पहिले वर्षच व्यायामाला वाहिले. त्या वर्षी परीक्षा हुकली. पण पुढे तुरुंगवास सोसायला तेच शरीर कामी आले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मार्ग निराळा. सूर्यनमस्कार थोडे का होईनात, पण रोज घातलेच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. त्याविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली थेट लंडनात निघाले.

त्याच लंडनात पुढे एक मौजेचे संशोधन झाले. तिथल्या दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे, आणि कंडक्टर जिने चढउतार करी. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिले की, कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. त्यासाठी त्यांना तालमीत जावे लागले नाही!

आता जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब पाहा. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे तरी हवीत, अशी अट होती. २०२० साली तीही गेली. आपली घटका २४ मिनिटांची. रोज एक घटका झपझप चालले, तर आठवड्याची १६८ मिनिटे भरतात. म्हणजे अट पुरी होऊन वर थोडे उरतेच.

याहून मोठा दाखला मात्र आमच्या तालुक्यातच आहे. मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरची शाळा पायी गाठी, कधी पळत. त्याला व्यायाम म्हणावे हे तेव्हा कोणाच्या ध्यानीही नसेल. पुढे तो सैन्यात गेला, अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत उतरला, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तेही जिंकले.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांना "रोज किती मिनिटे?" असे कोण विचारणार? त्यांची अर्धी शक्ती सूर्य डोक्यावर येण्याआधीच संपलेली असते. सुश्रुताचे माप लावायचे तर त्यांना उणीव आहे ती विश्रांतीची आणि पोटभर सकस अन्नाची.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आता एवढेच सांगतो : बैठ्या माणसाने रोज एक घटका काढावी, ती न चुकवावी, आणि दम तोंडाशी आला की थांबावे. आणि ज्याचा दम दुसऱ्याच्या साखरेसाठी रोज तोंडाशी येतो, त्याला थांबायला मिळावे, याचीही काळजी वाहावी. करंजीतली साखर त्याच्याच घामाची आहे.