लिब्रव्हिलची फायनल

आमच्या ऑफिसात फुटबॉलवाले बरेच आहेत. पण सगळे इंग्लिश क्लबांचे भक्त! सोमवारी सकाळी कँटीनमध्ये चहा घेताना चेल्सी आणि आर्सेनलवरून जी जुंपते, ती ऐकून बाहेरच्याला वाटावं की यांचे सातबारे लंडनमध्येच आहेत. परवा अशाच एका चर्चेत द्रोग्बाचा विषय निघाला. २०१२ च्या मे महिन्यात म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये त्याने मारलेली शेवटची पेनल्टी सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्याच्या तीनच महिने आधी याच माणसाने दुसऱ्या एका फायनलमध्ये पेनल्टी थेट बारवरून आकाशात घातली होती, ती आठवते का? कोणालाच माहीत नव्हती. म्हणून हा लेख.

ती मॅच म्हणजे आफ्रिका कप ऑफ नेशन्स २०१२ ची फायनल. झांबिया विरुद्ध आयव्हरी कोस्ट, १२ फेब्रुवारी २०१२, गॅबॉन देशाची राजधानी लिब्रव्हिल. मी तेव्हा शाळेत होतो आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, त्यामुळे लाइव्ह वगैरे काही बघितलेली नाही. पुढे कॉलेजात असताना युट्यूबवर बघितली. तेव्हापासून किती वेळा बघितली त्याचा हिशोब नाही.

पण गोष्ट २०१२ ला सुरू होत नाही. एकोणीस वर्षं मागे जावं लागेल.

झांबिया म्हणजे तांब्याच्या खाणींचा देश. समुद्रकिनारा नाही, पैसा बेताचा, पण फुटबॉलचं वेड जबरदस्त. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये या झांबियाने इटलीला ४-० हरवलं होतं. हो, इटलीला! त्यातले तीन गोल कालुशा ब्वाल्याचे. त्याच वर्षी तो आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. या पोरांचं पुढचं लक्ष्य होतं १९९४ चा वर्ल्ड कप. झांबिया त्याआधी कधीच वर्ल्ड कपला गेला नव्हता (आणि नंतरही गेलेला नाही), पण त्या टीमकडे बघून सगळ्यांना वाटत होतं की या वेळी जाणार.

एप्रिल १९९३ मध्ये टीमने मॉरिशसमध्ये जाऊन मॉरिशसला ३-० हरवलं आणि लगेच सेनेगलची मॅच खेळायला निघाली. विमान कसलं, तर झांबियाच्या हवाई दलाचं, डीएचसी-५ बफेलो. मूळ काम सामान आणि सैनिक वाहण्याचं. एवढ्या लांबचा पल्ला त्याला एका दमात झेपण्यासारखा नाही, म्हणून थांबत थांबत जायचं: ब्राझाव्हिल, मग लिब्रव्हिल, मग आबिजान, मग डाकार. आपल्या लाल डब्याचा रूट वाटतो की नाही? फेडरेशनकडे साध्या तिकिटांचे पैसे नव्हते, हे त्याचं सरळ कारण.

२७ एप्रिलच्या रात्री लिब्रव्हिलहून उड्डाण केल्यावर काही मिनिटांतच विमान समुद्रात कोसळलं. किनाऱ्यापासून साधारण ५०० मीटरवर. विमानात ३० जण होते, एकही वाचला नाही. त्यात १८ खेळाडू. गोलकीपर एफर्ड चबाला, जो सोलला होता. मॉरिशसविरुद्ध दोन दिवसांपूर्वी हॅटट्रिक मारणारा केल्विन मुटाले. कोच गॉडफ्रे चिटालू, म्हणजे झांबियाचा दंतकथेतला स्ट्रायकर. (२०१२ मध्ये मेस्सीच्या ९१ गोलांचा गाजावाजा झाला ना, तेव्हा झांबियाच्या संघटनेने दावा केला होता की चिटालूने १९७२ या एका वर्षात १०७ मारले होते. फिफाने तो मान्य केला नाही, ते सोडा.)

कालुशा वाचला, कारण तो त्या विमानात नव्हताच. तो हॉलंडमध्ये पीएसव्ही आइंडहोव्हनकडून खेळायचा आणि तिथून वेगळ्या विमानाने परस्पर डाकारला जाणार होता.

आता अपघाताच्या कारणाबद्दल. गॅबॉनचा अहवाल बाहेर यायला २००३ साल उजाडलं. दहा वर्षं! अहवालाचं म्हणणं असं की डाव्या इंजिनाने पेट घेतला आणि पायलटने बंद केलं उजवं, म्हणजे धड असलेलं. इंडिकेटरच्या दिव्यात दोष होता आणि पायलट थकलेला होता, आदल्याच दिवशी तो मॉरिशसहून विमान घेऊन परतला होता. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमच्या धंद्यात रात्री तीनला अलर्ट येतो, डोळ्यांवर झोप असते, आणि माणूस भलताच सर्व्हर रिस्टार्ट करतो. हे मी स्वतः केलेलं आहे. माझ्या बाबतीत चाळीस मिनिटं एक वेबसाइट बंद पडली, एवढंच. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थलाही अगदी हेच झालं होतं, बिघडलेलं इंजिन एक आणि बंद केलेलं दुसरंच, आणि ४७ माणसं गेली. त्यामुळे 'पायलटची चूक' एवढं लिहून फाइल बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. जुनं विमान कोणी दिलं? त्याच थकलेल्या माणसाला परत कोणी उडवायला लावलं? अख्खी नॅशनल टीम एकाच विमानात कोणी बसवली? आणि ज्यांची मुलं गेली त्यांनी दहा वर्षं नुसती वाट का बघायची?

मृतदेह लुसाकाला आणले आणि इंडिपेन्डन्स स्टेडियमच्या शेजारीच त्यांना पुरलं. त्या जागेला 'हीरोज एकर' म्हणतात.

त्यानंतर जे झालं ते खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. कालुशा कॅप्टन झाला, गावोगावच्या क्लबांतून नवी पोरं गोळा केली, डेन्मार्कने त्यांना तयारीसाठी आपल्याकडे बोलावलं. जुलैमध्ये ही नवी टीम लुसाकाला मोरोक्कोविरुद्ध उतरली आणि २-१ जिंकली, कालुशाने फ्री किकवर गोल मारला. शेवटच्या मॅचला मोरोक्कोत नुसता ड्रॉ हवा होता. ०-१ हरले. वर्ल्ड कप गेला. पुढे १९९४ च्या एप्रिलमध्ये, अपघाताला वर्ष व्हायच्या आत, ट्युनिशियातल्या आफ्रिका कपमध्ये नॉकआउटला पहिली गाठ कोणाशी? सेनेगलशी! ज्यांच्याशी खेळायला ती टीम निघाली होती, तेच. १-० जिंकले. सेमीफायनलला मालीचा ४-० धुव्वा. फायनलमध्ये नायजेरियाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला लिटानाने गोल केला, पण नायजेरियाच्या अमुनिकेने दोन मारले आणि झांबिया १-२ हरला.

आता २०१२.

स्पर्धा गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनी अशा दोन देशांत मिळून होती. १६ टीम, चार गट, प्रत्येक गटातल्या दोन पुढे, मग क्वार्टर फायनल, सेमी, फायनल. झांबियाचा गट इक्वेटोरियल गिनीत होता. आणि वेळापत्रक असं की गटात पहिला नंबर आला तर क्वार्टर आणि सेमी दोन्ही बाटा शहरात. म्हणजे ही टीम लिब्रव्हिलला जाणार होती ती एकाच परिस्थितीत: फायनलला पोचली तर! आधी नाही. झांबियाचं रँकिंग तेव्हा ७१ होतं, त्यामुळे असा विचार कोणी गंभीरपणे करत असेल असं वाटत नाही.

कोच होते हर्व्हे रेनार, फ्रेंच, मॅचला नेहमी पांढराशुभ्र शर्ट. २०१० मध्येही तेच कोच होते आणि तेव्हा क्वार्टर फायनलला नायजेरियाने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं होतं. टीममध्ये युरोपातली मोठी नावं जवळपास नाहीत. कॅप्टन ख्रिस्तोफर कटोंगो चीनमध्ये खेळायचा, गोलकीपर केनेडी म्वीने दक्षिण आफ्रिकेत, सुंझू आणि कलाबा काँगोच्या टीपी मझेंबे क्लबात. समोर आयव्हरी कोस्टकडे द्रोग्बा, दोघे तुरे बंधू, जर्व्हिन्हो, कालू. आमच्या कँटीनमधला अर्धा वाद तिथेच उभा होता म्हणा ना.

क्वार्टर फायनलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुदानला ३-० हरवलं. सेमीफायनल मात्र घानाशी, आणि घाना म्हणजे फेव्हरिट. आठव्याच मिनिटाला घानाला पेनल्टी. मारायला असामोआ ग्यान. (हाच तो ग्यान, ज्याने २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी बारवर मारली होती. बिचारा!) म्वीनेने ती अडवली. मग सत्तर मिनिटं घाना हल्ले करतंय आणि झांबिया सोसतंय. ७८ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या मायुकाने वळून एक शॉट मारला, चेंडू पोस्टला लागून आत. १-०. संपलं.

म्हणजे आता लिब्रव्हिल.

तिथे पोचल्यावर टीमने सराव वगैरे नंतर ठेवला. आधी सगळे समुद्रावर गेले, जिथून ते विमान पडलेली जागा जवळ आहे तिथे, आणि पाण्यात फुलं वाहिली. त्यांच्यासोबत कालुशा होता. तो आता झांबिया फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. ज्या पोरांना तो तिथे घेऊन गेला त्यातली बरीचशी १९९३ ला तीन-चार वर्षांची असतील, मायुकाचा तर १९९० चा जन्म. मला प्रश्न पडतो की कालुशा त्यांना काय बोलला असेल. पण खरं तर बोलायची गरजही नसावी.

फायनल. अगदी सुरुवातीलाच झांबियाचा डिफेन्डर जोसेफ मुसोंडा जखमी होऊन रडत बाहेर. मॅच तशी घासून चाललेली. ७० व्या मिनिटाला आयव्हरी कोस्टला पेनल्टी. द्रोग्बा. आणि मघाशी सांगितलं तसं, चेंडू बारवरून प्रेक्षकांत! एक्स्ट्रा टाइममध्ये कटोंगोचा फटका गोलकीपर बॅरीच्या स्पर्शाने पोस्टला लागला. एकशेवीस मिनिटांनंतर ०-०. गंमत म्हणजे आयव्हरी कोस्टने त्या अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. शून्य! तरीही कप मिळाला नाही. असं दुःख कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

मग शूटआउट. साधारण चारातल्या तीन पेनल्टी गोल होतात असं धरलं, तर लागोपाठ १४ आत जायची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. इथे पहिल्या सातच्या सात जोड्या सुटल्या, ७-७! त्यात बांबाची किक म्वीनेने अडवली होती, पण तो लाइनच्या पुढे आला म्हणून रेफरीने परत मारायला लावली आणि मग ती आत गेली. पाचवी पेनल्टी तर झांबियाकडून स्वतः म्वीनेने मारली, गोलकीपरने. द्रोग्बानेही आपली नीट मारली. सेंटर सर्कलमध्ये झांबियाची पोरं गुडघ्यांवर बसून, एकमेकांना धरून गात होती. गाणं! मला इंटरव्ह्यूच्या आधी पाणी गिळवत नाही.

आठवी, कोलो तुरे. म्वीनेने अडवली. आता कलाबाने मारली की कप. कलाबाने बारवरून घातली. मी रेकॉर्डिंग बघत होतो, निकाल माहीत होता, तरी खुर्चीतून उठलो. नववी, जर्व्हिन्हो. त्याचीही वरून बाहेर. आता स्टोपिला सुंझू, डिफेन्डर, वय बावीस. तोही गात गातच आला. मारली. आत. ८-७.

लोक म्हणतात त्या अठरा जणांनी वरून तो चेंडू ढकलला. मला हे पटत नाही. असं म्हटलं की म्वीनेचं श्रेय जातं, सुंझूचं जातं, आणि मोरोक्कोत हरलेल्या टीमचं काय मग, त्यांना कोणी का नाही ढकललं, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्या अठरा जणांना मारलं ते नशिबाने नव्हे, जुन्या विमानाने. पण हेही कबूल करतो की कालुशा मैदानावर येतो तो शॉट आला की माझं हे सगळं लॉजिक दोन मिनिटं बाजूला पडतं.

आणखी एक दृश्य. सगळे नाचत असताना रेनार बेंचकडे गेले, चालता न येणाऱ्या मुसोंडाला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि मैदानात नेऊन बाकीच्यांच्या घोळक्यात सोडलं. पांढऱ्या शर्टाची पार वाट लागलेली.

झांबियाचं पुढे फारसं बरं झालं नाही. २०१३ ला गटातच बाहेर, मग २०१७, २०१९ आणि २०२१ च्या स्पर्धांना पात्रसुद्धा ठरले नाहीत. रेनार मात्र २०१५ ला पुन्हा फायनलला होते. या वेळी कोच कोणाचे? आयव्हरी कोस्टचे! समोर घाना, परत ०-०, परत शूटआउट, आणि ९-८ ने जिंकले. शेवटची पेनल्टी मारली गोलकीपर बॅरीने, लिब्रव्हिलला सुंझूची ज्याच्या हाताला लागली नव्हती त्याच बॅरीने.