कृष्णधवल इंकजेट छपाई

रंगीत इंकजेट प्रिंटरमधील मूळ शाया काढून त्यांच्या जागी काळ्या व करड्या शाया भरून छायाचित्रे छापण्याची पद्धत. साधा प्रिंटर निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून करडा रंग साधतो. त्यामुळे छपाईत हिरवट किंवा जांभळट झाक राहते व ती उन्हात वेगळी, ट्यूबलाइटखाली वेगळी दिसते. एकटी काळी शाई वापरल्यास चेहऱ्याच्या उजळ भागात ठिपके उघडे पडतात. म्हणून कार्बनचे रंगद्रव्य कमीअधिक पातळ करून अनेक छटांच्या शाया बनवतात. अमेरिकेतील जॉन कोन यांची ‘पिएझोग्राफी’ ही यातली नामांकित प्रणाली. कुठल्या छटेला कुठली शाई किती सोडायची, हे रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’सारखे सॉफ्टवेअर ठरवते. २००५ मध्ये एप्सनने तीन काळ्या-करड्या शायांचा ‘के३’ संच आणला.



कार्बन उजेडात सहसा विटत नाही. त्याची छटा मात्र तपकिरीकडे झुकते, ती निळसर रंगद्रव्याने सावरतात. रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून कार्ट्रिज अधूनमधून हलवावे लागते. प्रिंटर बराच काळ बंद राहिल्यास नोझल तुंबतात. खरखरीत कागदाला मॅट काळी, तर चकचकीत कागदाला फोटो काळी शाई लागते.