५० डॉलरचं चित्र

खेळातली चित्रं काढणाऱ्याला मिळतं काय, असा विषय निघाला की मला सिॲटल आठवतं. १९९३ साली तिथं जवळच एका तळघरातून चालणाऱ्या ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ काढला. पहिल्या संचात २९५ पत्ते, चित्रकार २५. त्यांत कलाशाळेतली पोरंही. गाठीला पैसा नव्हता. म्हणून चित्रामागे रोख सुमारे ५० डॉलर, वर थोडे शेअर आणि रॉयल्टी. मूळ चित्र मात्र चित्रकाराचंच! मला तरी हीच अट मोलाची वाटते. खेळ तुफान चालला. पुढं रॉयल्टी बंद झाली. १९९९मध्ये हासब्रोनं कंपनी सुमारे ३२.५ कोटी डॉलरना घेतली. त्या मूळ चित्रांना संग्राहक आज हजारो डॉलर मोजतात. कित्येकांनी ती तेव्हाच किरकोळीत विकून टाकली होती.