राजेंद्र नगरची पहाट आणि साष्टीचं पुराण

लेकीच्या बाळंतपणासाठी 2018 च्या डिसेंबरात आम्ही दोघं इंदूरला गेलो होतो. लेक-जावई राजेंद्र नगरात राहतात. ज्यांनी इंदूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, शहराच्या महूकडच्या अंगाला ही वस्ती आहे. तिचं स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे आणि मराठी घरं इतकी, की दारांवरच्या पाट्या वाचत चाललं तर आपण पुण्यात आहोत की माळव्यात असा प्रश्न पडावा. फरक एवढाच, की इथली मराठी माणसं बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात.

नातू पहाटे चारला उठायचा. लेकीला थोडी झोप मिळावी म्हणून मी त्याला घेऊन मागच्या खोलीत येरझारा घालायचो. तिथं भिंतीपलीकडून आवाज यायचा. कुणीतरी बाई संथ, एका लयीत वाचत असायच्या. शब्द कळत नव्हते, पण लय ओळखीची होती. फोंड्याच्या घरात आई रोज संध्याकाळी ‘हरिविजय’ वाचायची, अगदी तशीच. मला वाटलं, शेजारी पोथी चालू आहे.

चार-पाच दिवसांनी भिंतीपलीकडून ‘यिर्मया’ हे नाव ऐकलं आणि चमकलो. ती पोथी नव्हती, बायबल होतं!

ओळख व्हायला वेळ लागला नाही. बाळाला पाहायला त्या स्वतःच आल्या. ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त शिक्षिका, माहेर अहमदनगरचं (आजचं अहिल्यानगर). यजमानांच्या नोकरीमुळे इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागलो, त्या मला भाऊ. रविवारी त्या उपासनेला जातात ती हिंदी. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 साली इंदूर-महूकडे आले, त्यांचं काम मुख्यतः हिंदीत वाढलं. पण घरातलं वाचन मराठीत. “प्रार्थना कुठल्याही भाषेत होते हो भाऊ, पण वाचायचं ते आईच्या भाषेत,” असं त्यांनी मला सांगितलं.

त्यांच्या बायबलची शिवण सुटलेली होती. समासात पेन्सिलीनं बारीक तारखा लिहिलेल्या. प्रोटेस्टंटांच्या बायबलात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय असतात. रोज तीन-सव्वातीन अध्याय वाचले की वर्षात एक फेरी पुरी होते. मावशींच्या समासात अशा कित्येक फेऱ्यांच्या तारखा एकाखाली एक होत्या. मी सहज पानं उलटत होतो. एका जागी दोन तारखांमध्ये सात महिन्यांचं अंतर दिसलं. मी बोट ठेवलं.

“हे गेले ना, तेव्हाचं,” मावशी म्हणाल्या. “सात महिने पुस्तक उघडलं नाही. राग होता. मग एक दिवस उघडलं, तर खूण होती तिथंच होती. मी वाचन सोडलं, त्यानं मला सोडलं नव्हतं.”

मी काही बोललो नाही. मला माझी गोष्ट आठवली. आईनं जायच्या आधी ‘हरिविजया’ची पोथी माझ्या हातात देऊन म्हटलं होतं, “रोज चार ओव्या तरी वाच.” मी हो म्हटलं होतं. चाळीस दिवस वाचलं असेन. मग प्रवास, मग पाहुणे, मग नुसताच आळस. पोथी लाल फडक्यात बांधून कपाटात गेली ती गेलीच. त्या फडक्याकडे पाहणंही मी टाळत असे.

मावशींनी एकदा विचारलं, “तुमच्या गोव्यात मराठीत बायबल वाचतात का हो?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर चारशे वर्षं मागं जाणारं होतं. मी त्यांना फादर थॉमस स्टीफन्सबद्दल सांगितलं. हा मूळचा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत आपल्याकडेच राहिला, त्यातली बहुतेक वर्षं साष्टीत. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला, म्हणजे आपल्या रायतूरला, छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, अधूनमधून कोंकणीचा शिडकावा. दोन भाग, 95 अवस्वरू म्हणजे अध्याय, आणि 10,962 ओव्या. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. हे शब्दशः भाषांतर नव्हे. बायबलची कथा ओवीत ओतलेली आहे, आपल्या पुराणिकानं देवळाच्या चौकात बसून सांगावी तशी.

मावशी थक्क झाल्या. नगरच्या मिशनशाळेत वाढलेल्या या बाईंच्या समजुतीप्रमाणे मराठीतली बायबलकथा विल्यम कॅरीपासून सुरू होत होती. कॅरीनं श्रीरामपूरहून मत्तयाचं शुभवर्तमान छापलं ते 1805 साली, म्हणजे ‘क्रिस्तपुराणा’नंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

पण गोष्ट इथंच संपवली असती तर ती अर्धीच झाली असती. मी उरलेलं सांगितलं. आमचा कुलदेव रामनाथ. त्याचं मूळ स्थान साष्टीतलं लोटली, राशोलपासून फार लांब नाही. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा तो खाडीपलीकडे, फोंडा महालातल्या बांदोड्याला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं. जुन्या पोथ्या बाळगणं हा गुन्हा ठरला. स्टीफन्सच्या ग्रंथातच एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्याला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? या मागणीतून ग्रंथ जन्मला. म्हणजे आधी पोथी हिसकावली, मग त्या रिकाम्या हातांसाठी नवी पोथी लिहिली. मी मावशींना स्पष्टच म्हटलं, “तुमच्या पुस्तकाच्या माणसांनी आमच्या देवाला रातोरात घर सोडायला लावलं.”

बोललो आणि वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखावलं. पण मावशी शांतपणे म्हणाल्या, “पुस्तक हातात धरणारे चुकले, भाऊ. पुस्तकाच्या आतही सगळे चुकणारेच भरलेत.”

आणि त्यांनी यादीच सांगितली. अब्राहाम जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणवतो. मोशेच्या हातून खून होतो. दावीद राजा उरीयाची बायको आपलीशी करतो आणि उरीयाला लढाईत पुढं पाठवून मारवतो. पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीन वेळा म्हणतो की मी त्या माणसाला ओळखत नाही. “यांच्यातल्या एकालाही देवानं टाकलं नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर रोज वाचायचं. साधुसंतांचीच गोष्ट असती तर मी कधीच मिटून ठेवलं असतं.”

या उत्तरानं इतिहासाचा हिशेब मिटतो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. दावीदलाही त्याच्या पापाची फळं भोगावी लागलीच. पण मराठीतल्या बायबलचा इतिहास मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. तो सगळाच अर्धवट राहिलेल्या, चुकलेल्या, मोडलेल्या कामांचा इतिहास आहे.

‘क्रिस्तपुराणा’चंच पाहा. 1616 नंतर ते 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं गेलं. मग 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत ग्रंथ लिहिला गेला, तिनंच त्याच्या वाचकाच्या जिभेला कुलूप घातलं. त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हातानं नकललेल्या प्रतींमुळे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मंगळुराकडे तो जपला, आणि 1907 मध्ये जोसेफ सालढाणांनी तिथूनच तो छापला. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये आली. परागंदा झालेला ग्रंथ परागंदा माणसांनी सांभाळला. आमच्या रामनाथासारखंच की हे!

कॅरीकडे पाहा. त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ. 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला आणि 11 मार्च 1812 च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं, टाइप, कागद सगळं जळालं. त्यानं पुन्हा कामाला हात घातला. गंगेकाठी घडलेली ती मराठी महाराष्ट्रात फारशी रुचली नाही, म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशननं नवा करार नव्यानं केला, तो 1826 मध्ये. नंतरच्या सुधारणांत बाबा पदमनजींसारख्या मराठी माणसाचा हात लागला. एकाचं अपुरं राहिलं ते दुसऱ्यानं उचललं.

नगर म्हटलं की रेव्हरंड टिळक आलेच. मावशींच्या आजोळी त्यांची नुसती आठवण निघाली तरी डोळे ओले व्हायचे म्हणे. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा माणूस किती तापट, किती अव्यवहारी होता ते ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी काही न झाकता लिहिलं आहे. स्वतःचं सोवळं-ओवळं, स्वतःचा राग तोही झाकलेला नाही. नवऱ्यानं धर्म सोडला म्हणून त्या काही वर्षं दूर राहिल्या, नंतर 1900 मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ थोडेच अध्याय लिहून अडलेलं होतं. त्याचा मोठा भाग लिहिला तो लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षर-अक्षर जोडायला शिकलेल्या बाईनं! ग्रंथ प्रसिद्ध झाला 1938 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई. संस्कृतावर एवढं प्रभुत्व असलेल्या या विदुषीनं पिकल्या वयात हिब्रू आणि ग्रीक हाताळून खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं. मुक्तिमिशनमधल्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. काम चालू असतानाच 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई थांबल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. ते 1924 मध्ये बाहेर आलं. गंमत अशी, की ते चर्चमध्ये रुळलं नाही. लोक जुन्याच भाषांतराला चिकटून राहिले. सतरा-अठरा वर्षांच्या कष्टांचं हे फळ म्हणायचं का? मावशींच्या कपाटात त्याची एक जुनी प्रत होती. अडलेला शब्द त्या तिच्यात पाहायच्या. मला वाटतं, रमाबाईंना तेवढंही पुरलं असतं.

कॅथलिक घरांत रोज बायबल वाचायची रीत पूर्वी फारशी नव्हती. आमच्या गोव्यात संध्याकाळी तेर्स म्हणत, कथा पाद्रीच्या तोंडून ऐकत. 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सामान्य माणसाच्या हाती ग्रंथ देण्याचा आग्रह धरला. मराठीत त्याचं एक ठळक फळ म्हणजे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, 2010 मध्ये राजहंसनं काढलेलं. हेच दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये ते गेले. स्टीफन्सपासून सुरू झालेली वाट चारशे वर्षांनी मराठी माणसाच्या घरी अशी येऊन पोचली.

निघायच्या आदल्या पहाटे मी मावशींना विचारलं, त्या दिवशी यिर्मयाचं काय वाचत होता? त्यांनी ‘विलापगीत’ काढलं. परंपरेनं ते यिर्मयाचं मानतात. बाबिलोनी फौजांनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यरुशलेम जाळलं, देऊळ पाडलं, माणसं हद्दपार केली, त्यावरचा हा आकांत. देऊळ पडलेल्यांचं पुस्तक! मी सावरून बसलो. तिसऱ्या अध्यायात 66 कडवी आहेत आणि हिब्रूच्या 22 अक्षरांपैकी प्रत्येकाला तीन-तीन. दुःख इतकं, की कवीनं ते मुळाक्षरांच्या ओळीत बसवून कसंबसं आवरलंय. आणि त्याच अध्यायात, जिथं आशा धरावी असं काहीच उरलेलं नाही, तिथं तो म्हणतो की देवाची करुणा रोज सकाळी नवी असते, त्याचा विश्वासूपणा मोठा आहे. हे मी माझ्या शब्दांत सांगतोय. मावशींनी वाचलं ते ऐकायला हवं होतं.

“आधी माणूस सुधारला आणि मग करुणा आली, असं नाही ते,” त्या म्हणाल्या. “अजून धूर निघतोय, तेव्हाच.”

फोंड्याला परतल्यावर मी लाल फडकं सोडलं. पोथीत आईनं ठेवलेलं अबोलीचं फूल होतं, वाळून कागदासारखं झालेलं. मी जिथं थांबलो होतो, त्याच पानात. तिथून पुढं वाचायला लागलो.

रोज वाचतो, असं म्हणणार नाही. परवाच सलग आठ दिवस चुकले. पण आता फडक्याकडे पाहणं टाळत नाही. चुकलं की दुसऱ्या दिवशी उघडतो. मावशींची युक्ती उचलून समासात तारीखही घालतो. त्यातली भगदाडं मोठी आहेत. असू देत.